आप्पांनी गूळ खाल्ला का?

रहिमतपुरात त्या वर्षी दोनच बातम्या होत्या. एक म्हणजे लढाई अजून संपली नव्हती, आणि दुसरी म्हणजे सांगलीचे मदनआप्पा चौगुले गूळ पारखायला आकारामच्या गुऱ्हाळावर येणार होते. पहिली बातमी वर्तमानपत्रातून कळायची. दुसरी आकाराम स्वतः सांगत फिरायचा, त्यामुळे ती जास्त लोकांना ठाऊक होती!

"कोल्हापूर उशाला असून सांगलीचा मानूस गुळासाठी माझ्याकडं येतोय! आता बोला!" न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असतानासुद्धा तो हे बोलायचा. न्हावी बिचारा वस्तरा वर धरून थांबायचा.

बातमी खोटी नव्हती. आप्पांच्या नातीचं, त्रिशलाचं, माघात लग्न होतं. साखर तेव्हा कार्डावर मिळायची आणि तीही चिमणीच्या दाण्याएवढी. म्हणून लग्नाचं सगळं गोडधोड गुळाचं करायचं ठरलं होतं. कोरेगावच्या नानासोंकडे आप्पांनी एकदा आकारामचा गूळ चाखला होता, तो त्यांच्या जिभेवरून जाईना. पण आप्पांचा नेम असा, की गुऱ्हाळावर जाऊन स्वतःच्या जिभेनं पारखल्याशिवाय गूळ घ्यायचा नाही. आणि येण्याआधी त्यांनी एक कार्ड टाकलं होतं: 'आम्ही जैन. आमच्या घरी कंदमूळ चालत नाही. आपल्या काहिलीची खात्री कळवावी.'

आकारामनं तलाठ्याकडून उलट टपाली उत्तर लिहून घेतलं: 'माझ्या काहिलीला कंदमुळाचा वारासुद्धा लागत नाही. देवाशपथ.' तलाठी म्हणाला, "शपथ कशाला?" आकाराम म्हणाला, "लिवा वो! आपलं काम चोख असतंय!"

आणि त्यानं काम खरंच चोख केलं. खोपीतलं कांद्याचं पोतं घरी धाडलं. भिंतीवरची लसणाची माळ उतरवली. रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी काहील तीनदा घासून घेतली. गड्यांना भाकरीबरोबर कांदा बंद, चटणी बंद. दोन दिवस गडी गुळाशी भाकरी खात होते आणि आकारामकडं असं बघत होते, की जणू त्यानं त्यांची बायको माहेरी धाडली आहे.

आता गुऱ्हाळाचाही एक धर्म असतो. आलेल्याला रिकाम्या तोंडानं पाठवायचं नाही, मग तो वैरी का असेना! आणि वस्तीवरची कुणी बाई फडक्यात काहीबाही बांधून उकळत्या रसात शिजायला सोडू लागली, तर तिलाही नाही म्हणायचं नाही. त्या दिवशी सकाळी शेजारची बनुकाकी अशीच गाठोडं घेऊन आली. आकारामनं तिला दारातच अडवलं.

"काकी, काय हाय त्यात? वांगी न्हाईत न्हवं? कांदा न्हाई न्हवं?"

"रताळी हायत रं. उद्या एकादशी, म्हनलं गोड शिजवून ठेवावीत."

"मग सोड की बिनघोर!" आकाराम ऐटीत म्हणाला. "रताळं तर उपासाचं! त्याच्यासारखं पवित्र काय हाय?"

आप्पांची गाडी नवाला यायची, ती आली दोनला. मधे फौजेच्या गाड्या सोडत होते म्हणे. सडपातळ, पांढरेशुभ्र कपडे, काखेत छत्री असे आप्पा बैलगाडीतून गुऱ्हाळावर उतरले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि गुळव्या सयाजीतात्या पाक निववायच्या वाफ्यात ओतत होता. सगळ्या रानात गोड वास सुटला होता. आकारामची छाती इतकी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटायची राहिली.

"पहाटेपासनं पोटात काय घातलं न्हाई बघ," आप्पा बाजेवर टेकत म्हणाले. "गूळ पारखायचा तर जीभ कोरी पायजे. आधी गूळ, मग जेवान."

"निवतोय बघा आप्पा. एवढ्यात देतो!"

"दे सावकाश. तू काहिलीची काळजी घेतलीस, बरं वाटलं. लोकास्नी वाटतंय, कांदा-लसूण सोडला की झालं. तसं न्हवं. जमिनीच्या पोटात पोसलेलं सगळंच आमी सोडलंय. बटाटा, मुळा, गाजर, रताळं..."

"रताळं?" आकारामच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय तर! त्ये काय झाडाला लागतंय?"

रताळं! एकादशीला, शिवरात्रीला, चतुर्थीला, साऱ्या उपासांना चालणारं रताळं! जन्मभर आकाराम त्याला फळांच्या रांगेत बसवत आला होता. ते जमिनीतून निघतं हे त्याला काय ठाऊक नव्हतं? दरसाल तो स्वतःच उकरत होता! पण देवाला चालतं ते माणसाला चालणार नाही, हे कुणाच्या ध्यानात यावं?

आणि खोपीच्या मागं बनुकाकी गाठोडं सोडून बसली होती. रताळ्यांची वाफ येत होती.

आकारामनं आप्पांच्या पाठीमागून तिला डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं. त्याला म्हणायचं होतं, 'ते उचल आणि पळ!' काकीला वाटलं, पाहुण्याला द्यायला सांगतोय. "आले, आले रं!" म्हणत तिनं पितळीत दोन रताळी घातली आणि पदर सावरत पुढं आली.

"आप्पा, घ्या की जरा..."

आकाराम झेपावला. दोन्ही रताळी उचलली आणि एकामागून एक तोंडात कोंबली. ती काहिलीतून नुकती निघालेली! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कान लाल झाले.

"काय खाल्लंस रं?" आप्पांनी विचारलं.

"अवशीद," आकाराम जीभ बाहेर काढत म्हणाला. "पित्ताचं."

"अवशीद? आरं मुडद्या, रता..." काकी सुरू झाली.

"काकी! तुजी म्हस सुटली!"

काकी पळाली. म्हैस चिंचेखाली बांधलेली होती, डोळे मिटून रवंथ करत होती. पण काकी तिथवर जाऊन खात्री करेपर्यंत आकारामला दम खायला फुरसत मिळाली.

आता काय करायचं? सांगून टाकावं तर देवाशपथ लिहिलेलं कार्ड आप्पांच्या कोटाच्या खिशात. खोटारडा ठरणार, गूळ नापसंत होणार, न्हाव्यापासून तलाठ्यापर्यंत गाव हसणार. आणि न सांगता गूळ खायला द्यावा? छे! एका म्हाताऱ्या माणसाचं व्रत आपल्या हातानं मोडायचं? तेवढं पाप आकारामच्यानं होणार नव्हतं. तेव्हा गूळ द्यायचाही नाही आणि का देत नाही ते सांगायचंही नाही, एवढी एकच वाट उरली.

"आप्पा, गूळ अजून गरम हाय. तवर ऊस बघू या!"

ऊस बघितला. मग विहीर बघितली. मग विहिरीची मोट, मोटेचा नाडा, नाड्याची गाठ बघितली. आप्पा शेतकरीच, त्यामुळं ते कौतुकानं बघत होते. पण गाठीत बघण्यासारखं असून असून किती असणार? आणि वाटेत भेटेल तो माणूस एकच विचारत होता, "आकाराम, आप्पांनी गूळ खाल्ला का?" साऱ्या शिवाराला दुसरं कामच उरलं नव्हतं!

बायको मनुबाई घरून जेवणाची तयारी करून आली. तिनंही तेच विचारलं. आकारामनं तिला बांधाआड नेऊन खरा प्रकार सांगितला.

"मग सांगून टाका की त्यास्नी!" ती म्हणाली.

"सांगू? देवाशपथ लिवून दिलंय मी!"

"मग मारा उपाशी. गुऱ्हाळावर आलेला मानूस उपाशी! सासऱ्यांच्या येळेपासनं असं झालं न्हाई कवा!" आणि ती फणकाऱ्यानं निघून गेली.

इकडं सयाजीतात्याचं निराळंच शिजत होतं. तात्या म्हणजे पंचक्रोशीतला नामी गुळव्या. पाकाचा नुसता आवाज ऐकून काहील कधी उतरवायची ते सांगणारा. त्याचा गूळ निवून तासभर झाला तरी पाहुण्यापुढं जाईना! शेवटी त्यानंच उसाच्या पाल्यावर सोन्यासारखा खडा घेतला आणि बांधावर येऊन आप्पांपुढं धरला.

आप्पांनी हात पुढं केला. आकारामनं ठेच लागल्याचं सोंग करून तात्याच्या अंगावर झोक दिला. खडा पाटाच्या चिखलात!

तात्यानं चिखलाकडं बघितलं, मग आकारामकडं बघितलं.

"कळलं," तो म्हणाला. "माझा गूळ पावन्यास्नी दावायची तुला लाज वाटतीया. तीस वर्सं गूळ करतोय मी! सांभाळ तुजं गुऱ्हाळ!"

तो तडक परत गेला. चरकाचे बैल सोडले, साठवणीचा रस पाटात ओतून दिला आणि डोक्यावर पटका ओढून उसाच्या ढिगावर जाऊन बसला. हंगाम ऐन भरात, दोन एकर ऊस उभा, आणि गुळव्या रुसलेला! आकारामला दरदरून घाम फुटला.

"आकाराम," आप्पा हळूच म्हणाले, "आता तरी गूळ दे बाबा. दिवस मावळला की मी तोंडात काय घालत न्हाई. तुला ठावं असंल."

आकाराम थबकला. दिवस मावळला की आप्पा स्वतःच नाही म्हणणार! म्हणजे खोटं बोलायला नको, व्रत मोडायला नको. रात्रीत काहील घासून पहाटे नवा गूळ करायचा की झालं! देवच धावून आला म्हणायचा!

"देतो की आप्पा! फक्त पलीकडचं खोडव्याच्या उसाचं वावर तेवढं बघून येऊ!"

पण सूर्यालाही त्याच दिवशी हट्ट सुचला होता. पौषातला दिवस एरवी कसा चटकन बुडतो! त्या दिवशी तो पश्चिमेच्या डोंगरावर खिळा ठोकल्यासारखा बसून राहिला. आकाराम दर चार पावलांनी मागं वळून बघायचा. दोन हात वर. मग दीड हात. मग पुन्हा दीडच हात! 'जा की रं बाबा,' तो मनात हात जोडत होता. आजवर ऊन वाढावं म्हणून, पाऊस थांबावा म्हणून त्यानं देवाला पुष्कळ साकडी घातली होती. पाहुणा उपाशी राहावा म्हणून घातलेलं हे पहिलंच.

खोडव्याच्या बांधावर आप्पा एकाएकी खाली बसले. छत्रीवर हनुवटी टेकली.

"काय झालं आप्पा?"

"काय न्हाई. डोळ्यापुढं जरा अंधारी आली. पहाटेपासनं पोटात काय न्हाई न्हवं. चल, खोडवा दाव."

ते ऐकलं आणि आकारामला भडभडून आलं. हा देवमाणूस माझ्या गुळाच्या ओढीनं इतक्या लांबून आला, आणि मी त्याला उपाशीपोटी नाड्याच्या गाठी दाखवत हिंडवतोय! गेली इज्जत तर जाऊ दे!

"आप्पा!" त्यानं त्यांचे पाय धरले. "गूळ बाटलाय! काहिलीत रताळी हुती! मीच सोडा म्हनलो. उपासाला चालत्यात म्हनून मला वाटलं तुमालाबी चालत्यात! देवाशपथ लिवलं आन् देवाच्याच उपासानं दगा दिला! मी खोटारडा हाय, पर तुमचं व्रत मोडनार न्हाई!"

आप्पा पश्चिमेकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"रताळी काहिलीत हुती?"

"व्हय."

"चरकात न्हवती?"

"चरकात कशाला असत्याल आप्पा?"

"आरं मग चरकाचा रस तर चोख हुता! तीन वाजताच गडवाभर रस दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

रस! आल्या माणसाला पहिल्यांदा पाजायचा तो रस! गुळाच्या धास्तीत आकाराम तो साफ विसरला होता. आणि घरून जेवण आणावं एवढा दिवसही आता उरला नव्हता.

तो पळत सुटला. "तात्या! बैल जुपा! रस! गूळ चांगला हाय, त्यात रताळी हुती!"

"रताळी?" तात्या ढिगावरून उडी टाकून उतरला. "आन् मी म्हनलं माजा पाक चुकला! आरं आधी सांगाया तोंड न्हवतं व्हय तुला?"

बैलांची वैरण अर्धी झाली होती. ते काही उठेनात. आकाराम स्वतःच चरक फिरवायच्या लाकडी लाटेला खांद्यानं भिडला. दुसऱ्या बाजूनं तात्या. मनुबाई ऊस घालू लागली. "घाल! घाल!" चरक करकरला, धार लागली. आता सूर्य खरोखरच पळत होता! दीड हाताची एक वीत झाली, वितीची दोन बोटं झाली. "थांब की रं!" आकाराम डोंगराकडं बघून ओरडला. मनुबाईनं धुतलेल्या फडक्यातून रस गाळला, गडवा आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो ओठांपाशी नेला आणि एकवार पश्चिमेकडं बघितलं.

डोंगरावर नुसती लाली होती.

त्यांनी गडवा हळूच खाली ठेवला. "सकाळी," म्हणाले, आणि बाजेवर आडवे झाले. गुऱ्हाळाच्या इतिहासात पहिल्यांदाच पाहुणा उपाशी झोपला.

काहील पाच वेळा घासली. उजाडताना नवा गूळ वाफ्यात पडला. ऊन अंगावर आल्यावर आप्पांनी आधी दोन गडवे रस घेतला, मग खडा तोंडात टाकला. डोळे मिटले. सयाजीतात्या, मनुबाई, बनुकाकी, सगळे श्वास धरून उभे.

"बेस!" आप्पा म्हणाले. "लग्नाचा सगळा गूळ तुझाच. व्रत मोडत असंल तर इज्जत घालवून खरं सांगनारा मानूस हाय तू. तुझ्या काहिलीची मला चिंता न्हाई."

आकारामची छाती पुन्हा फुगली. कालचं सगळं तो क्षणात विसरला.

"आप्पा, नुसता गूळच न्हवं! लग्नाला मी सोता येतो, पंगतीत वाढायला हुबा ऱ्हातो! तुमी काय काळजी करू नगा!"

आप्पांच्या हातातला खडा हातातच राहिला.

"गूळ धाड," ते घाईघाईनं म्हणाले. "तूबी ये, पोटभर जेव. पर वाढायला तेवढा हुबा राहू नगंस बाबा! माजं सगळं वऱ्हाड उपाशी परत जाईल!"