ओळख पाहू, कितीला?

एका जंगलाच्या पोटातून हायवे जात होता. हायवेला एक पेट्रोल पंप होता आणि पंपाला चिकटून एक काचेचं दुकान. दुकानात गार वारा होता, बिस्किटं होती आणि गल्ल्याजवळ एक प्लास्टिकची टोपली होती. गाडीवाल्या माणसांनी कधीच न घेतलेल्या वस्तू शेवटी या टोपलीत पडत. टोपलीवर चिठ्ठी होती : काहीही उचला, दहा रुपये.

मुलांनो, जंगलात एकाकडेही गाडी नव्हती. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला प्रश्न पडेल की मग प्राण्यांचं पंपावर काय काम? जंगलातल्या मोठ्यांना तो कधी पडला नाही. मोठं झालं की बरेच प्रश्न पडायचे थांबतात. प्राण्यांकडे पैसे कुठून आले, हेही विचारू नका. गोष्ट पुढे जाऊ द्या.

रोज सकाळी अस्वल आबा, गवा तात्या आणि घोरपड मावशी पंपावर जात. आबा जंगलाचे प्रमुख होते. त्यांच्या गळ्यात स्टिअरिंगचं कव्हर असे. तात्यांच्या शिंगाला गाडीत टांगायचं मोगऱ्याचं अत्तर लटकत असे. मावशी गाडीच्या काचेला लावायच्या चंदेरी पडद्यावर झोपत आणि सूर्य उगवला की स्वतःच भाजून निघत. पण पडदा दहा रुपयांना पडला होता.

तात्यांना हवेच्या नळीपुढे उभं राहायलाही आवडे. तिथे ‘हवा मोफत’ अशी पाटी होती. ते रोज दोन्ही नाकपुड्या भरून घेत.

या जंगलात एक रीत होती. कुणी काही विकत आणलं की ते दुसऱ्याच्या नाकापुढे धरायचं आणि म्हणायचं, "ओळख पाहू, कितीला?" दुसऱ्याने वस्तू उलटसुलट करून बघायची, मान डोलवायची आणि खऱ्या किमतीच्या कितीतरी पट किंमत सांगायची. मग पहिल्याने ओरडायचं, "दहा रुपये!" दुसऱ्याने म्हणायचं, "काय सांगता!" याला मोठ्यांचा मान राखणं म्हणत.

या जंगलात साळू नावाची एक तरुण साळिंदर होती. ती लांबच्या जंगलातल्या कॉलेजात पाण्याविषयी शिकून परत आली आणि पिशवी खाली ठेवून आधी तळ्यावर गेली. जंगलात तळं एकच होतं. त्याच्या तळाशी एक झरा होता. झऱ्याच्या तोंडावर गाळ बसला होता. साळूने पंजा घालून पाहिलं. धार तिच्या काट्याएवढी बारीक झाली होती.

उन्हाळ्याच्या आत गाळ काढला नाही तर झरा दबणार होता. दबलेला झरा दुसरी वाट धरतो. रुसलेल्या पाहुण्यासारखा तो परत येत नाही. गाळ काढायला सगळं जंगल लागणार होतं आणि आबांनी सांगितल्याशिवाय जंगलात कुणी शेपूटही हलवत नसे.

साळू पळत पंपावर गेली.

"आबा, तळ्याचा झरा..."

"आधी हे बघ." आबांनी गाडीत मोबाइल अडकवायचा स्टँड पुढे केला. "ओळख पाहू, कितीला?"

टोपली समोरच होती. चिठ्ठीही समोरच होती.

"दहा रुपये. आबा, झरा बुजत चाललाय."

तात्यांच्या शिंगावरचं अत्तर डुलायचं थांबलं.

"चार बुकं शिकलं म्हणून मोठ्यांशी असं बोलायचं?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, चिठ्ठीवर लिहिलंय."

"लिहिलेलं आम्हालाही वाचता येतं. आम्ही वाचतो का?"

स्टँड छातीशी धरून आबा गुहेत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आबा भिंतीकडे तोंड करून बसले की जंगलाचा कारभार बंद.

"तुझं काय जात होतं दोनशे म्हणायला?" घरी साळूची आई म्हणाली.

"दहाची वस्तू होती, आई."

"म्हणून काय झालं? तुझ्या बाबांनी माझ्या आईच्या चाळणीला पाचशे म्हटले होते. बाराची चाळणी. तेव्हा कुठे आमचं लग्न ठरलं. नाहीतर तू कुठली गं आली असतीस काटे फुलवायला?"

कॉलेजात साळूला हे शिकवलं नव्हतं.

आबांचा रुसवा उतरेपर्यंत पळस फुलून गळून गेला. तळ्याच्या कडेला चिखल उघडा पडला. मग एके दिवशी आबा पंपावर दिसले. त्यांच्या हातात गाडीचा वायपर होता. एकच. त्याने ते पाठ खाजवत होते.

"ओळख पाहू, कितीला?"

साळूचे काटे उभे राहिले. तिने ते एकेक करून खाली बसवले.

"पाचशे?"

"दहा!" आबा ओरडले.

"काय सांगता," साळू दात आवळून म्हणाली.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुणाची पोर आहे. मी म्हणतच होतो. बोल बाळ, काय ते तुझं तळ्याचं?"

"गाळ काढायचाय, आबा. सगळ्यांनी हात लावला की होईल."

"आणि पडेल कितीला?"

"काहीच नाही. फुकट आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फुकट असतं तर पाटी असती," तात्या म्हणाले. "पंपावर हवा फुकट आहे, तिथे पाटी आहे. तुझ्या तळ्यावर कुठंय पाटी?"

"आणि मुळात किती होतं, ते कळल्याशिवाय फुकट म्हणजे किती वाचले ते कसं कळणार?" मावशी म्हणाल्या. मावशी हिशेबाला पक्क्या होत्या.

साळूने झऱ्याच्या धारेचा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांसारखं बोलली.

"बाहेर याच कामाचे पाच लाख घेतात. आपल्याला फुकट."

"पाच लाखांचं फुकट!" मावशी ताडकन उठल्या. आबांनी वायपर खांद्यावर टाकला. सगळे दारापर्यंत गेलेसुद्धा. काचेचं दार आपोआप उघडलं.

"थांबा," तात्या म्हणाले. "पहिल्या भावाला कधी हो म्हणू नये. आज फुकट म्हणतेय ना? थोडी कळ काढा. वर काहीतरी देईल."

"वर काय देऊ, तात्या? गाळ देऊ?"

"बघा!" तात्या आबांना म्हणाले. "आपण तोंडही उघडलं नाही, तर गाळ द्यायला तयार झाली. अजून उतरेल."

काचेचं दार आपोआप बंद झालं.

त्यानंतर तिघं रोज पंपावर जाताना तळ्यावर थांबत. "आज काय भाव?" आबा विचारत.

"फुकटच आहे, आबा. या ना आत. पाया पडते."

"पाया पडायला लागली," तात्या हळूच म्हणत. "आता दोन दिवसांत येते खाली."

साळू एकटीच उकरत राहिली. ती जितका गाळ वर काढी, तितकाच बाजूने खाली घसरे. एका दुपारी तिने पंजा खाली घातला, तर नुसता ओला चिखल हाती आला. मग तो चिखलही वाळला.

जंगलाला तहान लागली. पण मुलांनो, घाबरू नका. पंपाच्या दुकानाने पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लावला आणि त्यावर पाटी लावली : एकावर एक मोफत. पाटी मोठी होती. सगळं जंगल रांगेत उभं राहिलं. इतकं आनंदी जंगल साळूने कधी पाहिलं नव्हतं. जो तो बाटली दुसऱ्याच्या नाकापुढे धरत होता आणि जो तो "काय सांगता!" म्हणत होता.

साळूही रांगेत होती. तिची जीभ टाळूला चिकटली होती. आबा दोन बाटल्या घेऊन तिच्यासमोर आले. आबा मनाने वाईट नव्हते. वर मिळालेली बाटली त्यांनी तिच्यासाठीच आणली होती. पण रीत ती रीत.

त्यांनी बाटली तिच्या नाकापुढे धरली. "ओळख पाहू, कितीला पडली?"

साळूने बाटलीकडे पाहिलं. मग काचेतून पलीकडे, जिथे तळं होतं तिकडे पाहिलं.

"एक तळं," ती म्हणाली.

"चूक!" आबा आनंदाने ओरडले. "वीस रुपये! आणि त्यातही दोन!"

सगळं दुकान हसलं. मावशींनी साळूच्या पाठीवरून हात फिरवला आणि काटे टोचले तरी बाजूला घेतला नाही.

"शिकली हो पोर," त्या म्हणाल्या. "शेवटी शिकली."

साळूने बाटली उघडली आणि पाणी प्यायली. तहान लागली होती.

तात्पर्य : मोठ्यांना किंमत नेहमी फुगवून सांगावी. तशीही, खरी सांगितली तरी त्यांना ती फुगवलेलीच वाटते.