घंटागाडीची तिसरी घंटा

"कॉम्प्युटरमधून निघालेला आवाज खोटाच असतो," असं सिद्धोधन गुरुजींनी जाहीर केलं आणि चहाची बशी खाली ठेवली. निवृत्त गुरुजींनी बशी ठेवली की घरात तो विषय संपायचा. पण समोर त्यांचीच मुलगी होती. धम्मशीला गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, आणि का बसावं?

तिला नाटकांसाठी आवाज घडवायचे होते. रेकॉर्ड केलेले नव्हे, शून्यातून तयार केलेले. त्यासाठी कोणती संगणकभाषा बरी, हे ती महिनाभर तपासत होती. गुरुजी मात्र तिला सोमवारपासून परभणीला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला धाडणार होते.

"पप्पा, खरं-खोटं तुमाला ओळखू येतंय?"

"झोपेत बी! एकदा जरी चुकलो तर क्लासचं नाव काढणार न्हाई."

धम्मशीलाने घंटागाडीची घंटा निवडली. सणाची साफसफाई चालू होती, कचरा उचलणारी गाडी दिवसातून दोन-तीनदा यायची, आणि तिच्या भोंग्यावर घंटा वाजली की गल्ली बादल्या घेऊन पळायची. तिने गच्चीवर स्पीकर लावला. गुरुजी अंगणात खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले.

पहिली घंटा सीसाऊंड नावाच्या संगणकभाषेतली. तिथे सगळं आधी लिहून द्यायचं, घंटा घडते कशी आणि वाजते केव्हा. घंटा अशी देवळातल्यासारखी देखणी झाली की समोरच्या सरजाबाईंनी राखेच्या हातांनीच नमस्कार केला आणि पुन्हा भांडी घासायला घेतली.

"खोटी," गुरुजी म्हणाले.

दुसरी प्युअर डेटा या भाषेतली. पडद्यावर चौकटी मांडायच्या, रेघांनी जोडायच्या. एका चौकटीतून तिने भोंग्याची खरखर आणली. शेजारचे किशनराव बादली घेऊन आले, इकडेतिकडे पाहून शिव्या देत आत गेले.

"खोटी."

तिसरी सुपरकोलायडरमधली. ही भाषा तिच्या हाताला बसली. आवाज वाजता वाजता बदलता येत होता, म्हणून तिने घंटा लांबून जवळ आणली आणि वळणावर जरा अडखळवली. अख्खी गल्ली बाहेर! गीताबाई डोक्याला मेंदी लावलेल्या, किशनराव डोक्यावर फाटकी गादी घेतलेले.

"गाडी कुठाय?"

"गच्चीवर!" धम्मशीला वरून ओरडली. "कशी वाटली?"

"लाज न्हाई का? माफी माग!" किशनराव तापले.

"माफी कामून मागू? सगळ्यात आधी गादी घेऊन कोन पळत आलं?"

किशनराव गादीसकट माघारी वळले. "आता कितीबी वाजव, कोनी येनार न्हाई!" असं बजावून गल्लीने दारं लावली. गुरुजी मात्र जागचे हलले नव्हते. "बघ, मी फसलो का?"

हार न मानता ती लॅपटॉप घेऊन खाली आली. तेवढ्यात पुन्हा घंटा वाजली.

गुरुजींनी कान टवकारले. "ही तर लय भिकार जमलीय. किती भसाडी! आन् खरखर कशाला एवढी घातलीस? अगं, खऱ्या घंटेत जीव असतो."

"पप्पा, लॅपटॉप बंद हाय," धम्मशीला म्हणाली आणि मिटलेला लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

फाटकाशी घंटागाडी उभी होती. "गुरुजी," ड्रायव्हरने विचारलं, "गल्ली गावाला गेली काय?"

गुरुजी बादली उचलून धावले. धावता धावता ओरडले, "ओ, खरी हाय! या बाहेर, खरी हाय!"

किशनरावांची खिडकी उघडली. "गुरुजी, तुमी बी पोरीला सामील झालात?" खिडकी बंद झाली. बाकीची दारं उघडलीच नाहीत. एका घराचा कचरा घेऊन गाडी निघून गेली.

गुरुजी रिकामी बादली घेऊन परतले आणि खुर्चीवर बसले.

"क्लासचं राहू दे," ते म्हणाले. "पन त्या ड्रायव्हरला तुझी तीन नंबरची देऊन टाक. त्याची अगदीच खोटी वाटायलीय."