अकरा नंबरची पट्टी आणि जांभळा खण

सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण दात सरळ करून घेणार, ही बातमी शिवगंगाबाईनं तामलवाडीत स्वतःच फोडली. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना तिनं सांगून टाकलं, "माझे वरचे दात खालच्यांवर पार झाकण घालून बसलेत. खालचे टाळूला टोचतेत. सोलापूरच्या डॉक्टरीण बाईकडनं सरळ करून घेणार. दीड वर्ष लागंल, पण मी मागं हटायची न्हाय."

नवरा उमाशंकर म्हणाला, हे खूळ महिनाभर चालेल. सासूबाई गौराबाईंच्या तोंडात पाच दात उरले होते आणि त्या पाचांवर त्या ज्वारीची भाकरी फस्त करीत. त्यांचं म्हणणं, या वयात दात पडतात, सरळ होत नसतात. आणि दाखवायचे तरी कुणाला?

"दाखवायला करीत न्हाय, आत्याबाई. जेवताना टोचतं म्हणून करतेय," शिवगंगाबाई म्हणाली. "आन् दाखवायला केले, तरी दात माझेच हैत."

झालं, काम सुरू झालं. काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या, एक वर, एक खाली. दोन आठवडे झाले की पुढचा नंबर. दिवसातले बावीस तास तोंडात, जेवताना तेवढ्या काढायच्या. पट्टी तोंडात असताना पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. आता तामलवाडीत कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणायचा म्हणजे त्या घराशी भांडण उकरून काढायचं. शिवगंगाबाई भांडण काढत नसे, पट्टी काढत असे. भिंतीकडे तोंड फिरवायचं, बोटानं पट्टी ओढायची, डबीत टाकायची, चहा प्यायचा, चूळ भरून पुन्हा बसवायची. पंधरा दिवसांत गावभर झालं की उमाशंकरच्या बायकोला कवळी लागली.

"कवळी असती तर आधी आत्याबाईला दिली असती," असं तिनं भर चौकात सांगितलं, आणि विषय मिटला.

ती अकराव्या नंबरावर आली तेव्हा एक गोष्ट घडली. आरशात हसून बघताना तिला खालच्या दातांच्या कडा दिसल्या. जन्मात पहिल्यांदा! लग्नाच्या फोटोत पदर तोंडावर धरलेली बाई ती, हसायचं म्हटलं की हात आपोआप ओठांवर जायचा. त्या दिवशी तो गेला नाही. तिनं त्या कडा नवऱ्याला दाखवल्या, सासूला दाखवल्या, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही दाखवल्या. तो बिचारा टाकी खांद्यावरच धरून "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, अकरा नंबर हरवला.

बुधवारी नणंद श्रीदेवी सास्तूरहून एका दिवसासाठी आली होती. पुरणपोळीचा बेत होता. पट्टीची डबी धुऊन कट्ट्यावर वाळत ठेवलेली, आणि पानं तर वाढून झाली. शिवगंगाबाईनं दोन्ही पट्ट्या काढल्या, धुतल्या, पुसल्या आणि हाताशी जे स्वच्छ कापड होतं त्याच्या घडीत सरकवून फडताळावर ठेवल्या. जेवण झालं, तोच साखरेचा टेम्पो आला. पोती मोजून ती परत येते तर श्रीदेवीच्या एसटीची वेळ झालेली. घाईघाईनं कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, खण, सगळं जिथल्या तिथं. एवढ्या गडबडीतही आपण काही विसरलो नाही, याचं तिला तेव्हा कौतुकही वाटलं होतं.

मग पट्टी शोधायला लागली. फडताळ उपसलं, उष्ट्याची बादली उपसली, म्हशीची गव्हाण चाळली. सासूबाईंवर संशय घेतला. सासूबाईंनी मांजरावर घेतला. डॉक्टरीण बाईला फोन केला तर ती म्हणाली, नवी यायला तीन आठवडे लागतील, तोवर जुनी दहा नंबरची घाला, नाहीतर दात परत फिरतील.

"म्हणजे मागं जायचं?" शिवगंगाबाईनं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, थोडंसं. तिनं रडवेल्या तोंडानं दहा नंबर चढवला.

गुरुवारी संध्याकाळी गल्ल्यावर साखर जोखताना तिचा हात थांबला. ते कापड जांभळं होतं. पिवळ्या काठाचं. तो खण होता!

आता खणाचं तुम्हाला माहीतच आहे. तो शिवायचा नसतो, तो या घरातून त्या घरात जायचा असतो. आज आपल्या ओटीत आलेला परवा दुसरीच्या ओटीत पडतो, आणि दिलेल्या खणाचं पुढं काय झालं हे कधी विचारायचं नसतं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिला नाही. शिवगंगाबाईनं तो फोनवर मोडला.

श्रीदेवी म्हणाली, खण जपून ठेवलाय पेटीत. घडी उघडून बघ म्हटल्यावर म्हणाली, पेटीची किल्ली सापडंना. सकाळी बघते.

शुक्रवारी सकाळी आठला शिवगंगाबाई आणि उमाशंकर मोटारसायकलवरून सास्तुरात हजर. श्रीदेवीनं पेटी उघडून एक जांभळा खण काढला आणि हाच तो म्हणाली. याचे काठ हिरवे होते. शिवगंगाबाईनं मग पेटीतले सतरा खण एकेक करून झटकले. तांदळाचे दाणे पडले, एक सुपारी पडली, पट्टी काही पडली नाही.

"मी हौसेनं, तुझ्यासाठी, सोलापुरातनं निवडून आणलेला खण," शिवगंगाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दोन दिस तरी घरात ठेवायचा व्हता. कुणाला दिलास?"

श्रीदेवीचा चेहरा पार उतरला. शेजारच्या धुरपदाबाईच्या सुनेचं काल डोहाळजेवण होतं, तेव्हा धुरपदाबाईचीही ओटी भरली, असं तिनं पुटपुटत कबूल केलं. शिवगंगाबाई तशीच शेजारी गेली. धुरपदाबाई सरळ बाई. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. बहीण सिताबाई पहाटेच्या गाडीनं तुळजापूरला गेली, देवीची ओटी भरायला. खण नवाकोरा दिसला म्हणून तोच दिला, म्हणाली.

शिवगंगाबाई मटकन ओट्यावर बसली. नणंदेच्या पेटीतून खण काढता येतो, देवीच्या ओटीतून कसा काढणार? उमाशंकरनं तिच्याकडे पाहिलं. दहा नंबर दाबून बसलेले तिचे ओठ त्याला दिसले, आणि महिनाभराचा अंदाज करणारा तो माणूस गाडीला किक मारून म्हणाला, "बस मागं. घट्ट धर."

जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर. आयुष्यात पन्नासच्या वर गाडी न नेलेल्या उमाशंकरनं त्या दिवशी दोन जीप मागं टाकल्या. शुक्रवारची गर्दी, रांग लांबच लांब. शिवगंगाबाई रांगेच्या कडेकडेनं प्रत्येक बाईच्या ताटात डोकावत निघाली. लोकांना वाटलं नवसाची फेरी असेल. दोघी-तिघींनी वाटसुद्धा करून दिली. शेवटी एका वळणावर तो दिसला, जांभळा, पिवळ्या काठाचा, नारळाखाली.

सिताबाई ताट छातीशी धरून मागं सरकली. देवीच्या नावानं घेतलेली ओटी मधेच विस्कटायची नसते, हे तिचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मागच्या बायका तिच्या बाजूच्या.

"सिताबाई," शिवगंगाबाई म्हणाली, "त्यात माझी दातावरची पट्टी हाय. देवीला वाहायची असंल तर वाहा. पण तोंडातली वस्तू वाहिली हे तुमी देवीला सांगायचं. मी न्हाय सांगणार."

सिताबाईनं खण गरम तव्यासारखा तिच्या हातात टाकला. घडी उलगडली. दोन्ही पट्ट्या आत, जशा ठेवल्या तशा, दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. शिवगंगाबाईनं भर रांगेत दहा नंबर काढला, बाटलीतल्या पाण्यानं अकरा धुतला आणि कट्‌कन बसवला. मग पन्नास बायकांसमोर दात दाखवून हसली. हात तोंडावर न घेता! "खालचे बघा, दिसतेत का?" एका म्हातारीनं वाकून बघितलं आणि दिसतेत म्हणाली. उमाशंकर लांब चपलांपाशी उभा राहून डोळे पुसत होता. धूळ गेली असं म्हणाला.

सिताबाईला तिथल्याच दुकानातला नवा खण घेऊन दिला, आणि जांभळा खण घरी आला. संध्याकाळी शिवगंगाबाईनं दुकानात खण दाखवत गिऱ्हाइकांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. विशेषतः श्रीदेवीचा भाग. मनापासून दिलेली वस्तू माणसं एक दिवससुद्धा कशी ठेवत नाहीत, कसला हा जमाना, वगैरे.

तेवढ्यात श्रीदेवीचा फोन आला. हात पिठाचे होते, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"वैनी, खण घावला म्हणं. बरं झालं. त्याच्या आतल्या कोपऱ्याला निळ्या पेनाची रेघ हाय का बघा की जरा."

शिवगंगाबाईनं खण उलटा केला. रेघ होती. छोटं फूल काढायचा प्रयत्नही होता.

"ती माझ्या लेकीनं, शिवांजलीनं मारलीय, दिवाळीत. तुमची ओटी भरायला मी आणला व्हता तवा," श्रीदेवी गोड आवाजात म्हणाली. "सोलापुरात कुठल्या दुकानात घावला तुमाला?"

गौराबाई पाचही दात दाखवत सुनेकडे बघत होत्या. पट्टी घातल्यावर बोलायला जड जातं, पण आठवड्यात सवय होते, असं डॉक्टरीण बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिवगंगाबाईला पाच महिन्यांत एकदाही जड गेलं नव्हतं.

तिनं तोंडाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि फोन उमाशंकरच्या हातात दिला.

"तिला बोलता येत न्हाय, श्रीदेवी," उमाशंकर म्हणाला. "पट्टी लई घट्ट बसलीया."