रशिया शुक्रवारी सात वाजता

"पोलंड गावात बातमी कळते ती माझ्या पाटीवरून! रेडिओ आणि पेपर नंतर!" असं एल्डन वीब छाती काढून सांगे. हे पोलंड नेब्रास्कातलं, मक्याच्या शेतांमधलं. तिथल्या अग्निशमन ठाण्यासमोर, हमरस्त्याला लागून, प्लास्टिकची अक्षरं लावायची एक पाटी होती. तिच्या काचेची किल्ली अकरा वर्षं एल्डनच्या गळ्यात होती. एखादा मंत्री खुर्ची सोडेल, पण एल्डन किल्ली सोडणं शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात शेजारच्या रशिया गावाशी शाळेच्या फुटबॉलचा सामना होता. गावं वसवणाऱ्या पणजोबांनी मायदेशाची आठवण म्हणून ही नावं ठेवलेली; पुढचं त्यांना काय ठाऊक! पाटीवर जागा तीन ओळींची आणि पेटीतली अक्षरं तुटपुंजी. 'शाळा', 'संघ', 'सामना', काहीच बसेना. एल्डनने काटकसर केली:

"रशिया पोलंडवर चालून येणार. शुक्रवारी सात वाजता. खुर्च्या घरून आणा."

गावात कुणाला वावगं वाटलं नाही. एका परगावच्या ट्रकवाल्याला मात्र वाटलं, कारण त्याच्या रेडिओवर सकाळपासून युरोपातल्या युद्धाखेरीज काही नव्हतं. त्याने फोटो काढून जगजाहीर केला.

दुपारी ओमाहाहून एल्डनच्या लेकीचा, जोलीनचा फोन आला.

"आई! रशिया शुक्रवारी चालून येतोय, खरं का?"

"हो ना गं," मार्लिस बटाटे सोलता सोलता म्हणाली. "आणि यंदा आपलं काही खरं नाही. निम्मी पोरं लंगडताहेत."

"अगं, मग निघा तिथून!"

"निघा काय? मी सॅलड करतेय त्यांच्यासाठी."

"त्यांना जेवायला घालणार तू?"

"पाहुणे आहेत, जोलीन. आपल्या पोरांना तुडवून तुडवून दमतात बिचारे."

जोलीनने फोन ठेवला आणि दिसेल त्या सरकारी नंबरावर लावला. संध्याकाळपर्यंत ठाण्यात साठ फोन आले. पेट्रोल पंपावर रांग लागली. रांग बघून गावकरीही रांगेत उभे राहिले. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

"एल्डन, आत्ताच्या आत्ता खुलासा लाव," ठाण्याचा प्रमुख ड्वेन म्हणाला. "नाहीतर किल्ली दे!"

एल्डनने अक्षरांची पेटी ओढली. किल्ली गेली तर गावात त्याला विचारणार कोण? त्याने लावलं: "रशियाशी युद्ध नाही. काळजी नसावी." घाईत काच नीट लागली नाही. पहाटे वारा सुटला आणि त्याने एकच शब्द नेला.

सकाळी हमरस्त्यावरच्या लोकांनी वाचलं: "रशियाशी युद्ध. काळजी नसावी."

नऊ वाजता टीव्हीवाल्यांच्या दोन गाड्या आल्या. ड्वेनने हात पुढे केला. एल्डनने किल्ली काढून दिली.

घरी येऊन तो ताटावर नुसता बसून राहिला. "अकरा वर्षं, मार्लिस! अकरा वर्षं इमानेइतबारे पाटी लावली, आणि एका वाऱ्यापायी..."

"मनाला लावून घेऊ नकोस रे," मार्लिसने त्याच्या ताटात सॅलड वाढलं. "अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाचली तरी!"