वाचनसाहाय्य पूर्ण दिले

मदत ही फार जबाबदारीची वस्तू आहे, मुलांनो. ती चुकून गरजवंताच्या हाती लागली तर त्याला तिची सवय होते. म्हणून शहाण्या संस्था मदतीभोवती आधी नियमांचे कुंपण घालतात. (कुंपण भक्कम असले की आत काही आहे का, हे कोणी पाहत नाही.)

आता कल्पना करा, तुम्ही एका मोठ्या शाळेत सातवीत आहात. डोळे मिटू नका, पुढचे वाचायचे आहे. तळमजल्यावर पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली आहे. दारावर पाटी आहे: ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’. आत एक टेबल, दोन खुर्च्या, हवा गेलेले सात चेंडू आणि एक कारकून. चेंडू खेळ विभागाचे आहेत. ते हलवण्याचा अर्ज विचाराधीन आहे.

या कक्षाचे काम वाखाणण्याजोगे आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला जिना वापरण्याची लेखी परवानगी अवघ्या तीन दिवसांत मिळाली. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला तिचा अर्ज मंजूर झाल्याचे ध्वनिक्षेपकावरून चार वेळा कळवण्यात आले. कमी दिसणाऱ्या एका मुलासाठी पुस्तक मोठ्या अक्षरांत छापायला घेतले असून मुखपृष्ठ तयार आहे. पाच वर्षांत एकशे बारा अर्ज निकाली निघाले आणि तक्रार एकही आली नाही. (तक्रारपेटी खिळ्याला टांगली आहे. खिळा उंच माणसाने ठोकला होता.)

तुमच्याच वर्गात एक मुलगी आहे. तिला सगळे रेडिओ म्हणतात. एकदा कानावर पडलेले ती विसरत नाही. सोमवारी शिकवलेला धडा शुक्रवारी विचारा, बाईंच्या खोकल्यासकट म्हणून दाखवेल. तुम्हीही मधल्या सुट्टीत तिच्या तोंडून अर्धे विज्ञान ऐकून पास झालेले आहात. पण कागदावरची अक्षरे तिच्यासमोर एका जागी बसत नाहीत. या ओळीतली उठून त्या ओळीत जातात. प्रश्न ऐकला तर ती उत्तर लिहिते, वेडेवाकडे, पण बरोबर. प्रश्न वाचावा लागला तर पान कोरे. सहामाहीला विज्ञानात ती अशीच नापास झाली. वार्षिकलाही झाली तर तिने याच वर्गात राहायचे आणि तुम्ही पुढे जायचे, असे ठरले आहे.

तिची आई शिवणकाम करते. डॉक्टरांचा दाखला घेऊन ती कक्षात आली: मुलीला प्रश्न वाचून दाखवावेत. कारकुनाने आदराने खुर्ची दिली आणि सहा पानांचा अर्ज दिला.

“हा मुलीनं स्वतः वाचायचा आणि स्वतःच्या अक्षरात भरायचा, ताई.”

“अहो भाऊ, तिला वाचता येत नाही म्हणूनच तर आले ना मी.”

“मग घाई करू नको म्हणावं. सावकाश वाचू दे.”

“आणि नाहीच जमलं तर?”

“तर तसं अर्जात लिहायची सोय आहे. पान चार.”

आईने रोज मशीन थांबवून अर्ज मोठ्याने वाचला. रेडिओने सहाही पाने पाठ केली आणि आठ दिवस खपून एकेक अक्षर रांगोळीसारखे काढले. कक्षाच्या समितीने शेरा मारला: ‘अर्ज अत्यंत सुवाच्य. अडचण संशयास्पद. तरीही उदार दृष्टीने वाचनसाहाय्यक मंजूर.’ आईने त्या दिवशी तीन घरी कपडे पोचवले आणि तिन्ही घरी हे सांगितले.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला वाचनसाहाय्यक म्हणून प्रयोगशाळेतले काका आले. तीस वर्षे काचेच्या नळ्या धुतलेला माणूस. इस्त्रीचा सदरा घालून आले, चष्मा दोनदा पुसला, रेडिओच्या शेजारी बसले आणि घसा साफ करून म्हणाले, “प्रश्न पहिला.”

“काका,” पर्यवेक्षक सर म्हणाले, “परीक्षा चालू असताना बोलायला बंदी आहे. बाहेरची पाटी वाचली नाही का?”

“वाचली ना सर. पण मला वाचायलाच बसवलंय.”

सरांनी आदेश मागवला. आदेशात होते: वाचनसाहाय्यकाने प्रश्नपत्रिका संपूर्ण वाचावी. सरांनी तो दोनदा पाहिला. सर दुष्ट नव्हते. त्यांना दोन्ही नियम पाळायचे होते, आणि प्रामाणिक माणसाला अशा वेळी मार्ग सापडतोच.

“वाचा की मग. तुम्हाला कोण अडवतंय? मनातल्या मनात वाचा.”

“काका, निदान पहिला तरी सांगा,” रेडिओ पुटपुटली.

“कुजबुज नको,” सर म्हणाले.

काका आयुष्यभर सांगितलेले ऐकत आले होते. त्यांनी तिन्ही पाने वाचली, बोट धरून, ओळ न गाळता. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. अवघड शब्दाला त्यांचे ओठ हलत, तेव्हा सर टेबलावर पेन वाजवत. अर्ध्या तासाने सरांनी विचारले, “झालं?”

“झालं सर. सोपा आहे हो पेपर. पोरीला सगळं येतंय यातलं.”

काकांचा आवाज फाटला होता. पण नोंदवहीत आवाजाला रकाना नाही. सरांनी लिहिले: ‘वाचनसाहाय्य पूर्ण दिले. विद्यार्थिनीची तक्रार नाही.’ शिवाय तिला पंधरा मिनिटे जादा मंजूर होती, तीही लगेच जाहीर केली. कोऱ्या कागदासमोर बसायला इतरांना एवढा वेळ मिळत नाही.

रेडिओ रडली नाही. ती उठली, प्रश्नपत्रिका घेऊन पहिल्या बाकापाशी गेली आणि पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून गप्प उभी राहिली. न बोलता चालण्याला बंदी आहे का, हे पाहायला सरांनी नियमपुस्तिका उघडली. पुस्तिकेला अनुक्रमणिका नाही.

पहिल्या बाकावरच्या वर्गप्रमुखाने आपली उत्तरपत्रिका कोपराने झाकली. दुसऱ्या बाकावरची मुलगी कंपासपेटीत काहीतरी शोधू लागली. तिसऱ्याने सुट्टीत रेडिओकडून तीन धडे ऐकले होते. त्याला एकदम खिडकीबाहेरचे झाड आवडले. सगळी चांगल्या घरची मुले. एकानेही नियम मोडला नाही.

आता ती तुमच्या बाकाशी आली आहे. प्रश्न एका ओळीचा आहे. वाचता येत नाही असे तुम्हाला म्हणता यायचे नाही. इथपर्यंत तुम्ही वाचतच आला आहात, तेही मनातल्या मनात.

तिने प्रश्नपत्रिका तुमच्याकडे आणखी थोडी सरकवली.