पिशाच्चाच्या चौदा चुका

सरळ सही मागायची सोडून मी बाबांना आधी सिनेमा दाखवायचं ठरवलं, तिथेच माझं चुकलं.

सिनेमाच्या अभ्यासक्रमाला माझी निवड झाली होती. पालकांचं संमतिपत्र सही करून, स्कॅन करून रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं. पण आमच्या घरची पॅथॉलॉजी लॅब. बाबा तीस वर्षं लोकांचं रक्त काढतायत, आई तीस वर्षं त्याचे रिपोर्ट टाइप करतेय, आणि मी पदवी घेतली ती खाली रिसेप्शनवर बसायलाच, हे दोघांनी गृहीत धरलेलं. (मला विचारून या घरात फक्त चहात साखर किती एवढंच ठरतं.) तेव्हा या माणसांना सिनेमा म्हणजे काय ते आधी कळू दे, मग कागद पुढे करू, असा माझा बेत.

सिनेमा निवडला तो पन्नास वर्षांपूर्वीचा, आठवड्यात थिएटरातून उतरलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्यातलं रक्तपिशाच्च पियानो दुरुस्त करत दारोदार हिंडतं. बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. शेवटी ते आपल्या जुन्या प्रेयसीच्या दाराशी येतं. ती ऐंशीची झालेली, हे अजून तिशीतलंच. ती काही ‘आत ये’ म्हणत नाही. सहा मिनिटं नुसती शांतता. हा प्रसंग मी अकरा वेळा पाहिलाय आणि अकराही वेळा हमसून रडलेय.

दुपारी एकला लावला. सिनेमा पावणेदोन तासांचा. म्हणजे तीनपर्यंत सही हातात.

बाराव्या मिनिटाला पहिला चावा.

“थांबव!” बाबा ओरडले. “मानेतून?”

“बाबा, पिशाच्च आहे ते.”

“असू दे ना. हातावर एवढी ठसठशीत शीर दिसतेय आणि हा मानेत घुसतोय. आणि कापूस? कापूस कुठाय?”

“उरलेलं ग्लासात काढून ठेवलंय बघा,” आई म्हणाली. “वर नाव नाही, वेळ नाही. उद्या कुणाचं प्यायलं ते कसं कळणार त्याला?”

“गोठेल ते! सॅम्पल फुकट! मागे घे गं जरा.”

आमच्या लॅबचे नियम दोन. शंका आली की टेस्ट पुन्हा, आणि एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं. त्यामुळे प्रत्येक चावा बाबांनी पाहिला, शंका आली म्हणून पुन्हा पाहिला आणि मग आईने तपासला. बाबा कागदावर चुका टिपून घेत होते. चौदा झाल्या.

मी थांबवलं का नाही? कारण मी दाखवलेली गोष्ट बाबा पहिल्यांदाच पुढे वाकून, चष्मा पुसून बघत होते. मला भरून आलं होतं. (मूर्ख.)

शेवटचा प्रसंग आला तेव्हा सव्वाचार झाले होते. म्हातारी चौकट धरून उभी.

“काय शीर आहे!” बाबा पुटपुटले.

मी उशी फेकणार होते, पण आई रडत होती. “घ्यायचं हो बिचाऱ्याला आत.”

“तिला घ्यायचंच आहे गं,” बाबा हळूच म्हणाले. “पण आत आला की त्याला भूक लागणार. म्हणून दार धरून ठेवलंय. बोटं बघ तिची.”

मी पाहिलं. बोटं पांढरीफटक पडली होती. अकरा वेळा पाहून मला ती दिसली नव्हती.

चार चाळीसला मी कागद पुढे केला.

“जा की,” बाबा म्हणाले. “या लोकांना कुणीतरी जाणकार हवाच आहे.” त्यांनी पेन उघडलं. पण मग फॉर्म वाचला. शंका आली, पुन्हा वाचला. “रक्तगट विचारलेलाच नाही!” तो त्यांनी समासात लिहिला. मग सही, मग कागद आईकडे तपासायला. आईला जन्मतारखेची शंका आली. माझ्या जन्माच्या वेळी ती स्वतः हजर होती, तरी कपाटातून दाखला निघाला.

मी खाली लॅबमध्ये धावत जाऊन स्कॅन केलं तेव्हा पाच वाजून सात मिनिटं. स्क्रीनवर दोनच शब्द: मुदत संपली.

“अगं, मग सकाळी चहाच्या वेळीच मागायचीस ना सही,” बाबा म्हणाले. “मी नाही म्हटलं असतं का?”

भांडायला मी तोंड उघडलं, पण ते ‘नाही’ कधी म्हणाले होते, काही केल्या आठवेना. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता वर्षभर रिसेप्शनवर मी. आत बाबा पट्टा बांधता बांधता प्रत्येकाला सांगतात, “मूठ आवळा. तो पियानोवाल्या पिशाच्चाचा पिक्चर बघितलात? बघाच. आमच्या लेकीने शोधून काढलाय. चौदा चुका आहेत, पण शेवट सोडू नका.” माणसं जाताना माझ्याकडून सिनेमाचं नाव लिहून घेतात.

विसरलेल्या सिनेमाला प्रेक्षक मिळवून द्यायचे, हेच माझं स्वप्न होतं. मिळाले. रोज सकाळी सातला माझ्यापुढे रांग असते. सगळे बारा तासांचे उपाशी.