चपला काढल्याशिवाय दार उघडत नाही

अख्ख्या डहाणूत कोणी केला नाही असा कॉम्प्युटर गेम अनिकेतने केला! शहाण्णव साल, शाळा नववीतच सुटलेली, पण छाती चिकूच्या गोणीसारखी फुगलेली. वडील श्यामकांत स्टेशनात तिकीट क्लार्क. त्यांनी बजावलं होतं, "रविवारी मुंबईच्या कंपनीचा माणूस गेम बघून हो म्हणाला तर ठीक. नाहीतर सोमवारी वापीच्या कारखान्यात!"

गेम भन्नाट. पडद्यावर माणूस दिसतच नाही, दिसतं ते फक्त त्याच्या डोळ्यांसमोरचं. सात दारं, सात कोडी. घर कुठलं घ्यायचं? अनिकेतने, म्हणजे आपल्या अन्याने, सरळ स्वतःचंच घेतलं!

शनिवारी आईने, सरलाबाईंनी, गेम अंगणातून थेट देवघरात शिरताना पाहिला आणि त्या किंचाळल्याच. "मेल्या! चपला घालून देवघरात?"

"अगं, त्याला पायच नाहीत!"

"मग चालतो कसा?"

बिनतोड! अन्या तणतणत बसला आणि त्याने पहिल्याच दाराला नवं कोडं लावलं. खाली बघून चपला काढायच्या, तरच दार उघडणार.

रविवारी कंपनीचे जतीनभाई आले, बसले, आणि त्याच दाराशी अडकले. अर्धा तास! काचेवर माशी आपटावी तसे आपटत होते.

"अरे भाई, दरवाजा बिघडलाय!"

"बिघडला नाय! डोकं चालवा ना जरा!" अन्या भडकला. श्यामकांतांनी कपाळाला हात लावला.

चहा आणणाऱ्या सरलाबाईंना राहवेना. "अहो भाऊ, आधी चपला काढा!"

जतीनभाई दचकले. "सॉरी हां, बेन!" बूट काढले, मोजे काढले, ओटीवर नेऊन ठेवले, परत येऊन बसले. दार बंदच!

"आता काय, आंघोळ करू?"

"सरका तिकडे!" बाईंनी खुर्ची बळकावली. पडद्यावरच्या चपला काढल्या, दार उघडलं. पुढे काय, घर त्यांचंच! चार मिनिटांत सातही दारं!

जतीनभाई अनवाणी उठून उभे राहिले. "नोकरी पक्की!"

अन्याने बापाकडे अशी नजर टाकली की काय सांगू!

"बेन, उद्यापासून येणार? गेम तपासायला आम्हाला असाच माणूस पाहिजे."

अन्याचा जबडा खाली. "आणि माझा गेम?"

"तुझा गेम तुझ्या आईशिवाय कोणाला सुटणार, भाई?"

श्यामकांतांच्या हातातला कप कलंडला. "अगं, पण स्वयंपाक?"

सरलाबाईंनी पदर खोचला. "अन्याचं वापी रद्द करा. सकाळच्या गाडीआधी मला डबा लागेल."